चुळीचं पाणी

॥ श्री वीतरागाय नमः ॥

दुधगाव, ता. १४ जुलै, सोमवार

चि. सौ. दीपाली,

जय जिनेंद्र. फोन असताना वहिनीला पत्राचं काय सुचलं, असं वाटेल तुला. इकडं फोन तुझ्या दादांच्या उशाशी असतो आणि तिकडं तुझ्या सासूबाई, अंबूबाई मावशी, स्पीकर लावायला लावतात. चौघांच्या कानांसमोर दोघींचं बोलणं होत नाही. म्हणून जुन्या वहीतले कोरे कागद काढले. वाया तरी कशाला घालवायचे.

मोठी बातमी आधी सांगते. मिरजेच्या हॉस्पिटलातून तारीख मिळाली. १० सप्टेंबर, बुधवार. तुझं मूत्रपिंड तुझ्या दादांना बसवायचं, ते त्या दिवशी. कमिटीपुढं तुझी आणि जयराजभाऊंची सही झालेलीच आहे. माझं रक्त जुळत होतं पण साखर आडवी आली, आणि तू पुढं झालीस. त्याबद्दल लिहायला बसले की प्रत्येक शब्द हलका वाटतो, म्हणून लिहीत नाही.

मंगळवारी आणि शुक्रवारी सांगलीला डायलिसिस चालू आहे. तिथले डॉक्टर बाकीच्यांना ह्यांचं उदाहरण देतात. दोन डायलिसिसच्या मधे वजन दीड किलोच्या वर कधी गेलं नाही. जाईल कसं? दिवसाला सातशे मिली पाणी सांगितलंय. मी सकाळी उकळून, गाळून, मोजून तांब्यात ठेवते. त्यातूनच चहा, त्यातूनच गोळ्या, त्यातूनच तोंड धुणं. ताकाची वाटीसुद्धा वहीत लिहिते. नोव्हेंबरपासून एक दिवस सुटलेला नाही. तहान लागली की जिभेवर खडीसाखरेचा खडा ठेवायला देते. हा उपाय माझ्या आईचा. खडा विरघळेपर्यंत पाणी आठवत नाही.

एक गोष्ट कुणाला सांगितलेली नाही, ती तुला सांगते. होळीपासून ह्यांनी दात घासणं, चूळ भरणं सोडलंय. आपले मुनी दात घासत नाहीत, तसा मनाशी काही नियम केला असावा. मी विचारलं नाही. घेतलेला नियम बोलून दाखवू नये. पण दुखण्यानं का होईना, माणूस धर्माकडं वळला, हे बघून मला आतून बरं वाटतं.

तोंडाला वास येतो आणि जेवण लोखंडासारखं लागतं म्हणतात. ते मूत्रपिंडाचंच. सप्टेंबरात सगळं जाईल. हृदयाच्या, डोळ्यांच्या, पोटाच्या डॉक्टरांच्या, ऑपरेशनला हरकत नाही अशा, चिठ्ठ्या झाल्या. दाताच्या डॉक्टरांची तेवढी राहिली. ती काय, उभ्या उभ्या मिळेल.

अंबूबाई मावशींना माझा नमस्कार. त्यांचा राग उतरला का?

तुझी वहिनी,
गुणमाला

*

कोयनानगर, २२ जुलै

वहिनी,

तुमचं पत्र पोस्टमननं नेमकं आईंच्या हातात दिलं. त्यांना वाचता येत नाही, पण पाकीट उलटंसुलटं करून बघितलंच. "फोन असताना कागूद? असं काय हाय जे मला ऐकू जाऊ ने?" मी म्हटलं, तारीख कळवलीय. तेव्हा दिलं.

इथं पंधरा दिवस घरातले कपडे वाळलेले नाहीत. धरणाचे दरवाजे उघडलेत, त्याचा आवाज दिवसभर कानात असतो.

राग उतरलेला नाही. कशाचा, ते तुम्हाला माहीत आहे. तेरा वर्षांपूर्वी, माझ्या लग्नानंतर दादा तुम्हाला घेऊन इथं आला, तो पहिल्यांदा आणि शेवटचा. आईंनी पाण्याचा पेला पुढं केला. दादा "आत्ताच प्यायलो" म्हणाला, आणि पेला भरलेला ठेवून उठला. गाळलेलं पाणी, जात, माझं पळून जाणं, सगळं त्या एका वाक्यात आईंना कळलं. त्या आटपाडीकडच्या, धनगराच्या घरातल्या. दोन कोसांवरून डोक्यावर घागर आणलेली बाई. पाण्याला नको म्हणणारा माणूस त्यांनी तोवर बघितला नव्हता.

परवा म्हणाल्या, "ज्यानं माझ्या घरचं पानी घेतलं न्हाई, त्येला माझ्या सुनंचं काळीज कशाला?"

मी म्हटलं, "आई, काळीज नाही. मूत्रपिंड."

"एकच त्ये. आतलंच हाय न्हवं?"

तरी जयराजच्या शब्दावर गप्प आहेत. एकच अट घातलीय. २२ सप्टेंबरला घट बसतात, तेव्हा सून घरात पाहिजे. अंथरुणावर का असेना, पण घरात. घट बसलेले असताना सुनेच्या अंगाला सुरी लागायची नाही. दहा तारखेला ऑपरेशन झालं तर बारा दिवस मिळतात, म्हणजे होऊन जाईल. त्यापुढं गेलं तर त्या जयराजला सही मागं घ्यायला लावतील. आणि जयराज कामावर सगळ्या पॉवरहाऊसशी भांडेल, आईपुढं उभा राहणार नाही.

अजून एक. रविवारी व्हिडिओ कॉलवर दादा सारखा डावा गाल हातानं झाकत होता. सुजलाय का? खरं सांगा.

दीपाली

*

॥ श्री वीतरागाय नमः ॥

दुधगाव, ता. ३० जुलै

चि. सौ. दीपाली,

पत्र पोचलं. मावशींची अट समजली, आणि रास्त आहे. बावीसच्या आत सगळं होईल.

गालाचं काही नाही. त्या कुशीवर झोपतात, उशीचा वळ उठतो. दाढेत लवंग धरायची सवय लागलीय, त्यानं गाल फुगल्यासारखा दिसत असेल. वजन, रक्तदाब, सगळं ताळ्यात आहे. हल्ली भाकरी नको म्हणतात म्हणून पेज करून घालते. पावसाळ्यात भाकरी कुणालाच नकोशी होते.

दाताच्या डॉक्टरांकडं सवडीनं जाऊन येऊ.

मावशींकडं गालाचा विषय काढू नकोस. उगाच त्यांच्या डोक्याला त्रास.

तुझी वहिनी,
गुणमाला

*

कोयनानगर, ११ ऑगस्ट

वहिनी,

उशीचा वळ!

काल दुपारी मिरजेहून हॉस्पिटलातल्या बाईंचा फोन आला. जयराज जेवायला बसला होता, हात खरकटे, म्हणून फोन पाटाशेजारी ठेवून स्पीकर लावला. बाई म्हणाल्या, "पेशंटची दातांची चिठ्ठी आलेली नाही. सांगलीहून कळलं, तोंडात पू आहे. डायलिसिसवर दोनदा थंडी वाजून ताप आलाय. दहा तारीख धरून चालू नका."

दोनदा ताप. आणि तुमच्या पत्रात सगळं ताळ्यात.

जयराजनं ताट सरकवलं. आई चुलीपाशी होत्या. त्यांनी तवा उतरवला आणि म्हणाल्या, "वाटीवाटी पानी मोजती म्हनं ती बाई. मानसाचं दात मोजायला इसरली व्हय?"

मी पाटाशेजारचा फोन उचलला.

मी बाईंना नीट विचारलं. त्यांनी सांगितलं ते लिहिते, म्हणजे तुम्ही काय लपवलंत ते तुमच्या नजरेसमोर येईल. नवं मूत्रपिंड अंगानं टाकून देऊ नये म्हणून औषधं देऊन अंगातली झुंजायची ताकद कमी करतात. अशा वेळी दाढेखाली पू राहिला तर तो रक्तात उतरतो. मग बसवलेलं मूत्रपिंड जातं, आणि बहुतेकदा माणूसही जातो. म्हणजे माझं एक काढून फुकट जाणार, आणि दादाही जाणार. ही किंमत आहे त्या वळाची.

माझी पाळी कधी येते, मला किती वेळा लघवीला जावं लागतं, लग्नाआधी काय, लग्नानंतर काय, सगळं त्या लोकांनी माझ्या नवऱ्यासमोर विचारलं. मी सगळं सांगितलं, मान वर करून. आणि मला घरातून दोन ओळी खऱ्या मिळू नयेत?

जयराजनं कपाटातनं सहीच्या कागदांची फाईल काढून स्वतःच्या पेटीत ठेवलीय. आई म्हणाल्या, "आनि काय काय लपीवलंय, इचार."

म्हणून विचारते. चूक असेल तर चूक सांगा. ती मला सोसेल.

दीपाली

*

॥ श्री वीतरागाय नमः ॥

दुधगाव, ता. १४ ऑगस्ट

दीपाली,

तुझं पत्र काल मिळालं. आशीर्वाद लिहायचा मला अधिकार वाटत नाही, म्हणून सरळ सांगते.

ताप पहिल्यांदा २५ जुलैला आला. डायलिसिसच्या खुर्चीवर एवढे थडथडले की सिस्टरनी दोन ब्लँकेटं टाकली. हाताला सुया टोचतात तिथं काही झालं असेल, असं आधी वाटलं. मला आत कुठंतरी कळलं होतं की दाढच आहे. तीन आठवडे लवंगेचं तेल मीच आणून देत होते. पण तुझं पत्र समोर होतं, मावशींची अट समोर होती, आणि हातानं 'उशीचा वळ' लिहिलं. लिहिल्यावर ते मलाच खरं वाटायला लागलं. दुसरा ताप आला तेव्हा शुद्धीवर आले.

सांगलीला दाताच्या डॉक्टरांकडं नेलं. डॉ. उत्कर्षा म्हणून आहेत, वयानं अगदी तरुण. खुर्चीत बसवलं, तोंड उघडायला लावलं, आणि आरसा एकेका दाताशी नेला. मग विचारलं, "काका, दात कधीपासून घासत नाही?"

ह्यांच्या तोंडात आरसा. उत्तर मी दिलं. अभिमानानं दिलं गं. म्हटलं, "त्यांचा नियम आहे."

"कसला नियम?"

हे हातानं नको नको करायला लागले. आरसा काढल्यावर म्हणाले, "नियम नाही आणि काही नाही. चहासाठी."

मला कळेना. मग सांगितलं. सकाळी घासल्यावर आणि जेवणानंतर चूळ, म्हणजे दीडशे मिली सातशेतून जायचं. ते वाचवलं की दुपारी एक कप चहा जास्त मिळायचा. होळीला कडक ऊन होतं, तेव्हापासून हा धंदा. आणि मी मुनींचा नियम समजून त्यांच्याकडं भक्तीनं बघत होते.

डॉक्टर हसल्या नाहीत. माझ्याकडं वळून म्हणाल्या, "काकू, चुळीचं पाणी तुम्ही सातशेत धरलंत?"

म्हटलं, "हो. वापरलेलं सगळं धरते."

"पण थुंकलेलं पाणी पोटात कसं जाईल?"

दीपाली, मी मॅट्रिकला गणितात शाळेत पहिली आले होते. घरात येणारा आणि जाणारा तांदळाचा दाणा मला ठाऊक असतो. उकळून गाळलेलं पाणी थेंबभर सांडलं तरी जिवाला लागतं, तशीच आपल्या घरातली शिकवण. जे तांब्यातून गेलं ते वहीत गेलं, एवढंच मी बघितलं. ते माणसाच्या पोटात गेलं की मोरीत, हा प्रश्न मला नऊ महिन्यांत एकदाही पडला नाही. डायलिसिसच्या डॉक्टरांना तरी काय माहीत? ते वजन बघून शाबासकी द्यायचे. मी चूळ मोजते, असं त्यांना कोण सांगणार?

वर ती खडीसाखर. दिवसाला वीस-पंचवीस खडे. या दुखण्यात तोंडाला लाळच कमी सुटते म्हणे. त्यात ना घासणं, ना चूळ, आणि गालात चोवीस तास साखर. पाच दात गेलेत. डाव्या दाढेखाली पुवाची पिशवी झालीय. तहान मोजून मोजून मी माणूस जपला, आणि त्याच मापानं त्याचं तोंड सडवलं.

डायलिसिसच्या वेळी रक्त गोठू नये म्हणून औषध देतात, म्हणून दात दुसऱ्या दिवशी काढायचे. काल बुधवारी दोन काढले. उरलेले तीन पुढच्या बुधवारी. येताना एसटीत ह्यांच्या तोंडात कापूस, बोलता येत नव्हतं. माझ्या पिशवीतली वही ओढून घेतली आणि मागच्या पानावर लिहिलं, "चहा मात्र छान व्हायचा."

मी खिडकीकडं तोंड केलं.

दहा तारखेचं आत्ता काही सांगता येत नाही. हे पत्र मावशींना वाचून दाखव. एक ओळही गाळू नकोस.

गुणमाला

*

॥ श्री वीतरागाय नमः ॥

दुधगाव, ता. २४ ऑगस्ट

ती. अंबूबाई मावशी यांस,

गुणमालाचा साष्टांग नमस्कार. हे पत्र जयराजभाऊंनी वाचून दाखवावं. दीपालीला ते जड जाईल.

दीपालीचं उत्तर आलं नाही. फोनवर ती फक्त तब्येत विचारते आणि ठेवते. ते बरोबरच आहे. म्हणून मी तुम्हालाच लिहिते.

परवाच्या बुधवारी तीन दात काढले. दुपारी दोनला घरी आलो, आणि रक्त थांबेना. मूत्रपिंडाच्या माणसाचं रक्त लवकर गोठत नाही. तासाभरात आठ वेळा कापूस बदलला. टॉवेल भिजला. चारला गाडी करून परत सांगली गाठली. डॉक्टर उत्कर्षांनी टाके घातले, औषधाचा बोळा दाबून धरला. त्यांचा हात अवघडला की मी धरायची, माझा अवघडला की त्या. रक्त थांबलं तेव्हा दिवे लागले होते.

मावशी, आमच्यात सूर्य बुडाल्यावर तोंडात काही घालत नाहीत. मी वयाच्या नवव्या वर्षापासून पाळलंय, आणि ह्यांनाही पाळायला लावलंय. त्या संध्याकाळी दिवे लागल्यावर मी स्वतःच्या हातानं ह्यांना औषध दिलं, बर्फाचा खडा दिला, थंड दूध पाजलं. माझ्या नियमाचं प्रायश्चित्त मी घेईन. पण ते देताना मी घड्याळाकडं बघितलं नाही, हे तुम्हाला सांगावंसं वाटलं.

शुक्रवारी ते रक्त पातळ करणारं औषध न देता डायलिसिस केलं. ताप नाही. पण एका दाढेची जखम सावकाश भरतेय. ती भरल्याशिवाय डॉक्टर चिठ्ठी देणार नाहीत, आणि मी मागणारही नाही. हॉस्पिटलनं पुढची तारीख दिलीय २५ सप्टेंबर. घटाची चौथी माळ. त्यानंतर त्यांच्याकडं जागा थेट डिसेंबरात आहे. डायलिसिसचे डॉक्टर म्हणतात, हृदय दमत चाललंय, डिसेंबरची वाट बघू नका.

तुमची अट मला माहीत आहे. ती मोडा असं मी म्हणत नाही. म्हणायला तोंड नाही.

तुम्ही विचारलंत, आणखी काय लपवलंय. त्याचं उत्तर म्हणून वहीच पाठवते. पार्सलात आहे. ८ नोव्हेंबरपासून रोज काय दिलं, किती दिलं, सगळं आहे. खोडलेलं, पुसलेलं काही नाही. जिथं चुकले ते चुकलेलंच दिसेल. माझ्याकडं दुसरी प्रत नाही.

आणि एक वहीत नाही, ते इथं लिहिते. तेरा वर्षांपूर्वी तुमच्या घरी पेला नाकारला तो ह्यांनी एकट्यानं नव्हे. माझ्याही पुढं ठेवला होतात. मी पदरानं तोंड पुसलं आणि प्यायल्यासारखं केलं. पेला भरलेला होता. तुम्ही नंतर तो मोरीत ओतलात तेव्हा मी दारातून बघितलं. ह्यांनी निदान नाही म्हटलं. मी तेवढंही खरं वागले नाही.

तुम्ही जे ठरवाल ते मी मान्य करीन.

आपली,
गुणमाला

*

कोयनानगर, ७ सप्टेंबर

वहिनी,

उशीर झाला. झालं ते सगळं सांगते, म्हणजे उशीर का ते कळेल.

पार्सल आलं त्या दिवशी आईंनी ते उघडू दिलं नाही. दुसऱ्या दिवशी जयराजनं तुमचं पत्र वाचलं. पेल्याच्या ओळीवर आईंनी फक्त "हं" केलं. मग म्हणाल्या, "वही वाच."

जयराज वाचायला लागला. आठ नोव्हेंबर, सकाळी चहा अर्धा कप, गोळ्यांबरोबर पन्नास, तोंड धुणं दीडशे, आमटी पाव वाटी, असं करत रात्रीपर्यंत एकूण सातशे. नऊ नोव्हेंबर, तेच. दहा, तेच. जयराज म्हणाला, "आई, सगळीकडं हेच हाय."

"पुढं."

तीन संध्याकाळी चाललं ते. बाहेर धरणाचं पाणी धबाबा सुटलेलं, आणि घरात जयराज वाचतोय, पन्नास, शंभर, पाव वाटी. मला बसवेना, मी आत जाऊन तांदूळ निवडत बसले. होळीपासून 'तोंड धुणं' हा शब्दच वहीत नाही, आणि दुपारचा चहा वाढलाय. आईंच्या ते माझ्याआधी ध्यानात आलं. "च्या पितोय बाबा," म्हणाल्या, आणि किंचित हसल्यासुद्धा.

मग बारा मे आलं. तुम्ही लिहिलंय, "पाणी ६९०. आणखी मागितलं, दोनदा. दिलं नाही."

जयराज थांबला. आई म्हणाल्या, "पुन्यांदा वाच." त्यानं परत वाचलं.

"न्हाई दिलं तिनं?"

"न्हाई."

"आनि ल्हिवून ठिवलं?"

त्या उठून पडवीत गेल्या. बराच वेळ आत आल्या नाहीत. मी दिवा लावायला गेले तेव्हा पाण्याकडं बघत बसल्या होत्या. माझ्याकडं न बघता बोलल्या. त्यांनी हे आजवर जयराजलाही सांगितलेलं नव्हतं. लग्नाला दोन वर्षं झाली असतील, दुष्काळ होता. मेंढरं घेऊन सगळे बाहेर. दीर उन्हातनं आला, पाणी मागितलं. घागरीच्या तळाला पोरांपुरतं होतं. त्या म्हणाल्या, न्हाई. तो तसाच मेंढरांमागं परत गेला. "मेला बिला न्हाई," म्हणाल्या, "लय वरसं जगला. पर माझ्या हातनं परत कवा पानी प्याला न्हाई. म्या कुनाला बोलले न्हाई. तिनं ल्हिवून ठिवलंय बघ."

काल अनंत चतुर्दशी झाली. आज सकाळी न्हाऊन आल्या आणि जयराजला म्हणाल्या, "फाईल काढ पेटीतनं." मग मला कागद घ्यायला लावला. इथून पुढं त्यांचे शब्द. मी एकही बदललेला नाही.

"गुणमाला, म्या अंबूबाई बोलतीया. घट मी बसवीन. माळ मी घालीन, पानी मी शिंपडीन. माझ्या घटाला सून लागत न्हाई, माझं हात अजून शाबूत हायती. दीपीला पंचवीसला घिऊन जा. देवीनं इचारलं तर म्या सांगीन काय सांगायचं त्ये. सुनंच्या अंगाला सुरी लागंल ती मानूस मारायला न्हाई, जगवायला. पर दात नीट झाल्याबिगर सुरी लावून देऊ नगंस. चिठ्ठी आल्याबिगर माझी सून खाटंवर झोपायची न्हाई. आनि तुझ्या नवऱ्याला म्हनावं, पोरी, माझी बी सगळी कवळी हाय, दात गेलं म्हून कोन मरत न्हाई. वही माझ्याजवळ ऱ्हाऊ दे."

वहिनी, मी अजून थोडी रागावलेली आहे. ते राहील काही दिवस. चिठ्ठी मिळाली की कळवा. फोननंच कळवा.

दीपाली

*

॥ श्री वीतरागाय नमः ॥

मिरज, ता. ५ ऑक्टोबर, रविवार

ती. अंबूबाई मावशी यांस,

नमस्कार. जयराजभाऊ उद्या ड्युटीवर परततात, त्यांच्याच हाती हे देते. फोनवर तुम्ही रोज ऐकताच, पण हे लिहायचंच होतं.

दाताची चिठ्ठी १५ सप्टेंबरला मिळाली ते तुम्हाला कळलंच. डॉक्टर उत्कर्षांनी ती हातात देताना ह्यांना तोंड उघडायला लावलं आणि मला म्हणाल्या, "काकू, तुम्ही बघा, मग मी सही करते." मी एकेक जागा बघितली. मग त्यांनी सही केली.

पंचवीसच्या ऑपरेशननंतर दीपाली आता हिंडतेफिरते. टाके वाळलेत. हॉस्पिटलजवळच्या खोलीवर माझ्याजवळ आहे, आणि मला भाजीत मीठ कमी म्हणून बोलते, म्हणजे राग उतरला असं मी धरते. तुमची सून मी अंगावर ओरखडा न येऊ देता पोचवीन, असं म्हणता येत नाही, ओरखडा मोठा आहे. पण धड पोचवीन.

मावशी, काल सकाळी काय झालं ते ऐका. ह्यांना वेगळ्या खोलीत ठेवलंय, आत जाताना तोंडाला मास्क, पायात पिशव्या. डॉक्टर आले, कागद बघितले आणि म्हणाले, "मूत्रपिंड छान चाललंय. आता दिवसाला तीन लिटर पाणी प्यायचं. कमी पडता कामा नये."

तीन लिटर. मला ऐकू आलं, पण डोक्यात शिरेना. मी दोनदा विचारलं.

डॉक्टर गेले. उकळून गार केलेल्या पाण्याचा तांब्या मी भरून आणला. काठोकाठ भरलेला तांब्या ह्यांच्यासमोर धरायची माझी सवयच गेली होती, थोडं हिंदकळलं. ह्यांनी तो दोन्ही हातांनी धरला. मला वाटलं, आता घटाघटा पितील. तर घोट तोंडात घेतला, इकडून तिकडे खळखळवला, पुढ्यातल्या भांड्यात थुंकला. परत घेतला, परत थुंकला. पाच वेळा. पाच दातांच्या पाच चुळा म्हणे. आणि माझ्याकडं बघून, त्या रिकाम्या डाव्या गालानं हसले.

"धरलंस का?" विचारलं.

म्हटलं, "नाही धरलं."

मग प्याले. सावकाश, लहान मूल पितं तसे. अर्धा तांब्या झाल्यावर थांबले आणि म्हणाले, "गुणमाला, एक पेला राहिलाय."

"कुठला?"

"कोयनेचा. तेरा वर्षं भरून ठेवलाय त्यांनी."

जुनी वही तुमच्याकडं आहे. डॉक्टरांनी पाणी लिहून ठेवायला सांगितलंय, म्हणून काल नवी आणली. पहिल्या पानावर तारखेआधी एकच ओळ लिहिली आहे. ती तुमच्यासमोर, तुमच्या घरात बसून खोडायची आहे, म्हणून आत्ताच कळवते:

कोयनानगर, अंबूबाईंच्या हातचं पाणी, दोन पेले. बाकी.

आपली,
गुणमाला